बादलीभर गरम पाण्याचा हिशोब

(घरात गॅस नसला की आंघोळीचे पाणी, चहा, भाकरी हे सारे विजेवर येते. त्याला किती पैसे पडतात हे बिल हातात आल्यावरच कळते. ते आधी कसे काढावे, हे लेखकाने आपल्या अनुभवातून सांगितले आहे.)

कुंडल हे सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातले मोठे गाव. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला उसाची हिरवी शेते. उन्हाळा येथे कडक असतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे डोंगरावरून असा गार वारा येतो, की टाकीच्या पाण्यात हात घालवत नाही.

नोकरीनिमित्त मी या गावी आलो, तेव्हा पहिले काही महिने एकटाच होतो. खानावळीत जेवत होतो आणि थंड पाण्याने आंघोळ करत होतो. विजेचे बिल साडेतीनशे रुपयांच्या आसपास येई. दिवाळीच्या सुट्टीनंतर आई, पत्नी आणि लहान मुलगी कुंडलला आली. आमची जुनी गॅसजोडणी मूळ गावी भावाच्या नावावर होती. नवीन जोडणीची कागदपत्रे व्हायची होती. तोवर काय करायचे? मी बाजारातून पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड आणि कॉइलची शेगडी आणली. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, असे मनाशी म्हटले.

शेगडीवर भाकरी नीट भाजत नाही, ही आईची तक्रार पहिल्याच दिवशी आली. ती मी हसण्यावारी नेली. दुसरी तक्रार जानेवारीत आली आणि ती माझीच होती. बिल होते सुमारे अडीच हजार रुपये!

"मीटर पळतो आहे," मी घरात जाहीर करून टाकले. दुसऱ्या दिवशी शाळेतही दोघा-तिघांना तसेच सांगितले. ही माझी चूक किती दूर जाणार होती, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

आमच्या शेजारचे काका किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. किर्लोस्करवाडी कुंडलला लागूनच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या माळावर तेथे कारखाना उभारला. तेथील रेल्वे स्टेशनाचे जुने नाव 'कुंडल रोड' असे होते. काकांचे सारे आयुष्य यंत्रांत गेले. त्यांनी माझे बिल पाहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "गुरुजी, तक्रार मागाहून करा. आधी मीटरला विचारा."

"मीटरला कसे विचारायचे?"

काकांनी मला मीटरजवळ नेले. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्याजवळ 3200 हा आकडा छापलेला होता. तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झाले, असा त्याचा अर्थ. काकांनी घरातील सगळी बटणे बंद करायला लावली. लाल दिवा थांबला. मग त्यांनी बादलीत रॉड ठेवून फक्त तेवढेच बटण चालू केले. मी घड्याळ धरले आणि काका मोजू लागले. एका मिनिटात 80 वेळा!

80 ला 60 ने गुणा. एका तासाचे 4800 झाले. त्याला 3200 ने भागा. दीड युनिट आले. रॉडवर 1500 वॅट, म्हणजे दीड किलोवॅट असे लिहिले होते. दीड किलोवॅटचे उपकरण तासाला दीड युनिट घेणारच. मीटर पळत नव्हता. तो बिचारा बरोबर चालला होता.

मग काकांनी रॉड बंद करून फक्त 9 वॅटचा एलईडी दिवा लावला. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. लाल दिवा एकदा लुकलुकला, आणि पुन्हा लुकलुकायला दोन मिनिटे लागली. कुठे मिनिटाला 80 आणि कुठे दोन मिनिटांना एक! दिवा चालू राहिला म्हणून मी मुलीला किती वेळा रागावलो होतो. आणि रॉड चालू ठेवून मी स्वतः वर्तमानपत्र वाचत बसत असे!

हा प्रकार मी नववीच्या वर्गात सांगितला, तेव्हा मुले खूप हसली. मी म्हणालो, "हसा, पण आता वही काढा."

हिशोब, खर्च, बाकी, वसूल, रक्कम हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. त्यामुळे हा धडा भाषेला सोपा आहे. थोडे विज्ञान मात्र लागते. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायचे, तर सुमारे 4.2 किलोजूल उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे 3600 किलोजूल. आता बादलीत 20 लिटर पाणी आहे. हिवाळ्यात सकाळी ते 20 अंशांवर असते, असे धरू. आंघोळीला 42 अंश पुरे. म्हणजे पाणी 22 अंशांनी तापवायचे. 20 गुणिले 22 गुणिले 4.2 केले, तर 1848 किलोजूल होतात. त्याला 3600 ने भागले की अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त येते. आपण अर्धे युनिटच धरू. 1500 वॅटच्या रॉडला त्यासाठी वीस मिनिटे लागतात.

"सर, आमच्याकडे 1000 वॅटचा रॉड आहे. म्हणजे आमचे बिल कमी येणार ना?" एका मुलाने विचारले.

नाही. 1000 वॅटच्या रॉडला वीसऐवजी तीस मिनिटे लागतील. वीज अर्धे युनिटच लागेल. पाण्याला जेवढी उष्णता हवी, तेवढी हवीच. ती लवकर द्या नाहीतर सावकाश द्या. गावात विजेचा दाब कमी असला की रॉड सावकाश तापतो आणि 'दाब कमी म्हणून बिल जास्त' असे लोक म्हणतात. तेही तसेच. वेळ जास्त लागतो, युनिटे जवळजवळ तेवढीच लागतात. वेळ लागल्यामुळे पाण्यातील थोडी उष्णता हवेत जाते, एवढाच काय तो फरक.

आता पैशांकडे येऊ. खरी गंमत येथे आहे. विजेला साखरेसारखा एकच भाव नसतो. घरगुती वीजदराला पायऱ्या असतात. पहिली 100 युनिटे सर्वांत स्वस्त. 101 ते 300 युनिटांना त्याच्या दुपटीच्या आसपास दर. 300 च्या पुढे आणखी महाग आणि 500 च्या पुढे त्याहून महाग. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते अधूनमधून बदलतात. म्हणून खरे आकडे तुम्ही आपल्या बिलावरच पाहावेत. आपण हिशोब सोपा जावा म्हणून पहिल्या पायरीला 6 रुपये आणि दुसऱ्या पायरीला 12 रुपये धरू. (लोक अजून 'बोर्डाचे बिल' म्हणतात. 1960 साली स्थापन झालेल्या वीज मंडळाचे 2005 साली विभाजन झाले आणि तेव्हापासून बिल महावितरण कंपनीचे येते. पण जुन्या सवयी जात नाहीत.)

माझ्या घरी दिवे, पंखा, फ्रिज, दूरदर्शन यांची 70 युनिटे होत. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज दोन युनिटे, महिन्याची 60. शेगडीवरचा स्वयंपाक रोज सुमारे तीन युनिटे घेई, म्हणजे महिन्याला 90. एकूण 220 झाली. पहिल्या 100 युनिटांचे 600 रुपये. पुढच्या 120 युनिटांचे 1440 रुपये. बेरीज 2040. त्यात दरमहाचा स्थिर आकार आणि 16 टक्के वीज शुल्क मिळवले की आकडा अडीच हजारांच्या जवळ जातो. मीटर खोटा नव्हता आणि बिलही खोटे नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 100 चे 101 युनिट झाले की सगळीच युनिटे महाग होतात, असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. महाग होते ते फक्त 101 वे युनिट. पहिली 100 आपल्या जुन्याच दराने राहतात. पण याचीच दुसरी बाजू पाहा. दिवे आणि पंखा तर लागणारच. पाणी तापवण्याची आणि स्वयंपाकाची युनिटे त्यांच्यावर जाऊन बसतात, म्हणून बहुतेक महाग पायरीवर पडतात. माझ्या 150 युनिटांपैकी 30 पहिल्या पायरीत मावली आणि 120 दुसऱ्या पायरीवर गेली. गरम पाण्याची जी बादली मी तीन रुपयांची समजत होतो, ती मला सहा रुपयांना पडत होती.

"विजेची उष्णता एवढी महाग का, सर?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

प्रश्न चांगला होता. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. तेथील पाण्यावर 1962 पासून वीज तयार होते. (ते पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात उतरते.) पण राज्याची बरीचशी वीज कोराडी, चंद्रपूर, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून होते. तेथे कोळशाच्या उष्णतेने वाफ, वाफेने चक्र आणि चक्राने वीज, असा प्रवास असतो. त्यात तीन वाटे उष्णता जाळावी, तेव्हा जेमतेम एक वाटा वीज हाती येते. ती वीज शेकडो किलोमीटर तारांवरून आणायची आणि आपण पुन्हा तिची उष्णता करायची! पंखा फिरवायला वीज लागतेच. पाणी तापवायला मात्र दुसरे उपायही असतात.

मग गॅस स्वस्त का? याचे उत्तर मी एका शब्दात देणार नाही. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळला की सुमारे 13 युनिटांइतकी उष्णता निघते. म्हणजे सिलिंडरमध्ये 180 च्या वर युनिटे झाली. पण ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने हवेत जाते. भांड्यातील पदार्थाला सुमारे 60 टक्के मिळते, म्हणजे 110 युनिटे. रॉड पाण्यातच बुडालेला असतो, त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्याला मिळते. तर पाणी तापवण्यापुरते एक सिलिंडर म्हणजे रॉडची 110 युनिटे. ही युनिटे 6 रुपयांच्या पायरीवर असतील, तर 660 रुपये. 12 रुपयांच्या पायरीवर असतील, तर 1320 रुपये. आता आपल्या घरच्या सिलिंडरची पावती काढा आणि तिच्यावरचा आकडा या दोहोंच्या मध्ये कोठे बसतो ते पाहा. वीज थोडी वापरणाऱ्याला रॉड परवडतो. माझ्यासारख्याला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट हिशोबात मावत नाही. सिलिंडरचे पैसे एकदम द्यावे लागतात. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून पुष्कळ गरीब घरांत गॅसजोडणी आली. पण सिलिंडर भरून आणायला हातात एकरकमी पैसे लागतात. ते नसले की सिलिंडर कोपऱ्यात रिकामा उभा राहतो. रॉडला पैसे लगेच लागत नाहीत. बटण दाबले की झाले. महिन्याने बिल येते, तेव्हा कोणत्या बादलीचे किती हे कोणालाच सांगता येत नाही.

हे सारे चालले असताना एक मुलगी गप्प बसून होती. तास संपल्यावर ती माझ्यामागे व्हरांड्यात आली.

"सर, माझी दादी पंधरा दिवसांपासून थंड पाण्याने आंघोळ करते."

"का बरे?"

"तुमचे बिल अडीच हजार आले, असे अब्बांनी घरी सांगितले. तेव्हापासून दादी रॉडला हात लावत नाही. फजरच्या वजूलाही गार पाणीच घेते."

मला काय बोलावे ते सुचेना. 'मीटर पळतो आहे' हे माझे वाक्य गल्लीतून फिरत फिरत एका म्हातारीच्या न्हाणीघरात जाऊन पोहोचले होते.

दादीचे घर मुलाच्या घरामागेच, पण वेगळे. मीटरही वेगळा. जेवण मुलाकडे, त्यामुळे तिच्या घरात गॅस नव्हता. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब पेटत असे. तुरकाठ्या, बाभळीच्या काटक्या, शेणी हे त्याचे जळण. जळण फुकट मिळते असे म्हणतात, पण ते गोळा करायला पाय लागतात आणि धूर सोसायला डोळे लागतात. दादीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर मुलाने बंब माळ्यावर टाकला आणि रॉड आणून दिला होता.

"दादीच्या घरात किती युनिटे होतात?" मी विचारले.

दुसऱ्या दिवशी ती बिल घेऊन आली. दोन दिवे, एक पंखा, छोटा दूरदर्शन. महिन्याला 30 युनिटे. आम्ही ते बिल वर्गात फळ्यावर मांडले. रोज एक बादली, म्हणजे अर्धे युनिट. महिन्याची 15. 30 आणि 15 मिळून 45. पहिली पायरी ओलांडण्याचा प्रश्नच नाही! 15 गुणिले 6, नव्वद रुपये. त्यावर 16 टक्के शुल्क 14 रुपये 40 पैसे. म्हणजे महिन्याला 104 रुपये 40 पैसे. एका बादलीला साडेतीन रुपयांच्या आत.

तोच रॉड, तीच बादली, तेवढेच पाणी. माझ्या घरी शुल्कासह सात रुपयांच्या जवळ आणि दादीच्या घरी साडेतीन. कारण मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो आणि दादी खालच्या.

मुलीने तो हिशोब वहीत उतरवून घेतला. खाली दोन रेघा मारल्या. मग मी तिला आणखी काही लिहून घ्यायला सांगितले, आणि ते सगळ्या वर्गालाच लिहायला लावले. रॉड कधी लोखंडी बादलीत लावू नये. प्लॅस्टिकची बादली घ्यावी, पण रॉड तिच्या कडेला किंवा तळाला टेकू देऊ नये. रॉडवर खूण असते, तेथपर्यंत पाणी हवे. आधी रॉड पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड पाण्याबाहेर. पाणी तापले की नाही हे चालू रॉडच्या बादलीत बोट घालून पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांतला एखादा वाचतो, म्हणून दुसरा धीट होतो. दादीसाठी आम्ही असे ठरवले, की नातीने बटण लावायचे, नातीनेच बंद करायचे आणि रॉड खुंटीला टांगून मगच दादीला हाक मारायची.

माझ्या घरीही बदल झाले. फेब्रुवारीत गॅसजोडणी मिळाली आणि कॉइलची शेगडी बंद झाली. आईची भाकरी पुन्हा फुगू लागली. पाणी मात्र रॉडवरच ठेवले. गच्चीवर काळे पिंप आणून भरून ठेवले. शाळेचा तापमापक नेऊन मी दुपारी चारला पाहिले, तर पाणी 30 अंशांवर गेलेले. मग मी आणि मुलगी संध्याकाळी आंघोळ करू लागलो. 30 पासून 42 पर्यंत 12 अंशच तापवायचे. अर्ध्या युनिटाऐवजी पाव युनिटाहून थोडे जास्त पुरते. आईची आणि पत्नीची आंघोळ मात्र पहाटेचीच. त्यात मी बोललो नाही. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या महिन्यांत आमचे बिल आता शंभर-सव्वाशे युनिटांच्या आसपास राहते. गच्चीवर सौर बंब बसवावा असे वाटते, पण घर भाड्याचे आहे. घरमालक 'बघू' म्हणतात.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीला विचारले, "काय, दादीला हिशोब पटला का?"

"पहिल्यांदा नाही पटला, सर. मी आकडे वाचून दाखवले, तर म्हणाली, सरांचा हिशोब सरांच्या घरी. मग मी तिला मीटरजवळ नेले. तिने रॉड लावायला सांगितला आणि स्वतः लाल दिवा मोजत बसली. तसबीह घेऊनच बसली होती. एका मिनिटात ऐंशी मणी सरकले."

"मग?"

"मग म्हणाली, साडेतीन रुपयांत चहासुद्धा येत नाही. उद्यापासून पाणी जरा जास्त तापव."

शब्दार्थ

खानावळ – पैसे देऊन जेवण्याची जागा
हसण्यावारी नेणे – गंभीरपणे न घेणे
दाब – (येथे) व्होल्टेज
स्थिर आकार – युनिटे कितीही होवोत, दरमहा द्यावी लागणारी ठरावीक रक्कम
शुल्क – कर, महसूल
एकरकमी – सर्व पैसे एकाच वेळी
बंब – जळणावर पाणी तापवण्याचे तांब्याचे भांडे
तुरकाठ्या – तुरीच्या वाळलेल्या काड्या
शेणी – गोवऱ्या, उपले

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) काकांनी लेखकाला 'मीटरला विचारा' असे का म्हटले?
(आ) दादीने रॉड वापरणे का बंद केले होते?

प्र. 2. 'तोच रॉड, तीच बादली, तेवढेच पाणी.' तरीही दोन घरांत खर्च वेगळा का आला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. 3. पाठातील असे आठ शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

प्र. 4. तुमच्या घरचे मागील महिन्याचे वीजबिल वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा. किती युनिटे पहिल्या पायरीत आहेत आणि किती दुसऱ्या? रोज एक बादली गरम पाणी वाढवले, तर ती कोणत्या पायरीवर जाईल? हिशोब वहीत मांडा.